मान्यता कोणाची आणि कशासाठी? अनधिस्वीकृत महाविद्यालये व विद्यार्थी-व्हिसा

गिरगावात ठाकूरद्वाराच्या आसपास आणि दादरला स्थानकाच्या दोन्ही अंगांस टंकलेखन व लघुलेखन शिकविणाऱ्या संस्था एकेकाळी पुष्कळ होत्या. माडीवरच्या एकदोन खोल्या, भिंतीलगत मांडलेली यंत्रे आणि दारावर पाटी: 'शासनमान्य'. या शब्दाचा अर्थ तेथे अगदी नेमका होता. या संस्थेत शिकलेल्या उमेदवारास शासनाच्या वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षेस बसता येते, एवढाच तो अर्थ. मिनिटास तीस शब्द किंवा चाळीस शब्द या वेगाची परीक्षा शासन घेई आणि प्रमाणपत्रही शासनच देई. संस्था उत्तम की सामान्य, याविषयी 'शासनमान्य' या शब्दात काहीही अभिप्रेत नव्हते आणि कोणी तसे मानीतही नसे.

त्याच रस्त्यांवर आज परदेशी शिक्षणाविषयी सल्ला देणाऱ्या कार्यालयांच्या पाट्या दिसतात, आणि त्यांच्या माहितीपत्रकांतून 'मान्यताप्राप्त' हा शब्द सढळ हाताने वापरलेला आढळतो. कोणी दिलेली मान्यता, आणि कोणत्या प्रयोजनासाठी, या दोन प्रश्नांची उत्तरे मात्र क्वचितच दिलेली असतात. विद्यार्थी-व्हिसाच्या नावाखाली गेल्या दीड-दोन दशकांत जे गैरव्यवहार उघडकीस आले, त्यांचा उगम बहुतेक ठिकाणी या अनुत्तरित प्रश्नांतच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. खोटी कागदपत्रे करणे हा त्यातील एक भाग झाला. परंतु सर्वांत मोठे नुकसान झाले ते पुष्कळदा खऱ्या कागदांनी, ज्यांचा अर्थ वाचणाऱ्याने आपल्या आशेप्रमाणे लावला.

विषयाला प्रारंभ करण्यापूर्वी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मान्यता नसलेली संस्था म्हणजे फसवी संस्था, हे समीकरण निदान मुंबईच्या शैक्षणिक इतिहासात तरी टिकत नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे मुख्यतः परीक्षा घेणारे मंडळ म्हणून. अध्यापन महाविद्यालयांनी करावे, परीक्षा विद्यापीठाने घ्यावी आणि दोहोंस जोडणारा दुवा म्हणजे संलग्नता, अशी ती रचना होती. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने हा दुवा अधिक घट्ट केला, आणि महाविद्यालयांची तपासणी हा संलग्नतेचा नियमित भाग झाला. या रचनेबाहेर राहून ज्यांनी शिक्षण दिले, त्यांत केवळ धंदेवाईक लोक नव्हते. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, तेव्हा त्यास सरकारची मान्यता नव्हती. १९२० साली ठाकरसी यांच्या पंधरा लाखांच्या देणगीमुळे त्यास आजचे नाव मिळाले. १९३६ साली त्याचे मुख्य कार्यालय मुंबईस आले. आणि वैधानिक मान्यता मिळाली ती १९५१ साली. म्हणजे पस्तीस वर्षे हे विद्यापीठ ज्या पदव्या देत होते, त्यांच्यामागे कायद्याचे पाठबळ नव्हते. असहकाराच्या काळात, १९२१ साली, भायखळ्याजवळ राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तेही सरकारी चौकटीबाहेरचेच होते, आणि पुढे १९४६ साली महापालिकेने ते आपल्याकडे घेतल्यावर टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय या नावाने नायर रुग्णालयाच्या आवारात स्थिरावले.

या दोन संस्थांस अनधिस्वीकृत म्हणावे लागेल. फसव्या म्हणता येणार नाही. त्यांच्याकडे जाणारी विद्यार्थिनी वा विद्यार्थी आपण कोणत्या मान्यतेवाचून शिकत आहोत, हे जाणून जात असे. किंबहुना अशी मान्यता न घेणे हाच काही काळ अभिमानाचा विषय होता. कर्व्यांनी महिला विद्यापीठाच्या पदवीधर स्त्रीस मुंबई विद्यापीठाच्या पदवीधराइतकीच सरकारी नोकरी मिळेल, असे आश्वासन दिले नव्हते. फसवणुकीचा आरंभ मान्यतेच्या अभावापासून होत नाही. एका प्रकारची मान्यता दाखवून दुसऱ्या प्रकारची असल्याचा भास निर्माण केला जातो, तेथे तो होतो.

असा भास निर्माण करण्याचा उद्योग आपल्याकडेही जुनाच आहे. पाश्चात्य वैद्यकातील पदव्यांचे अनुकरण करणाऱ्या पदव्या वाटल्या जाऊ लागल्या, म्हणून १९१६ साली भारतीय वैद्यकीय पदव्यांचा कायदा करावा लागला. पुढे १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याने हाच निर्बंध सर्व पदव्यांस लागू केला. त्याच्या २२ व्या कलमानुसार पदवी देण्याचा अधिकार केवळ केंद्राच्या वा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठास, अभिमत विद्यापीठास किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेस आहे, आणि २३ व्या कलमाने इतरांस 'विद्यापीठ' हे नावच वर्ज्य केले. यासाठी २४ व्या कलमात शिक्षा ठेवली ती अधिकाधिक एक हजार रुपये दंडाची. १९५६ साली ही रक्कम अगदीच क्षुल्लक नसावी. तथापि एका विद्यार्थ्याच्या एका सहामाहीचे शुल्क ज्या काळात या रकमेच्या कितीतरी पट झाले, त्या काळात हे कलम कोणाच्या मनात धाक निर्माण करील, असे मानणे कठीण आहे. अनुदान आयोग वेळोवेळी बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करीत आला, आणि नागपूरच्या एका संस्थेचे नाव त्या यादीत वर्षानुवर्षे छापले जात राहिले, यातच या तरतुदीची परिणामकारकता दिसून येते.

कायद्याचे अक्षर पाळूनही त्याचा हेतू कसा विफल करता येतो, याचे उदाहरण छत्तीसगडने घालून दिले. त्या राज्याने २००२ साली खासगी विद्यापीठांचा कायदा केला, आणि त्याखाली केवळ अधिसूचना काढून शंभराहून अधिक विद्यापीठे अस्तित्वात आणली. त्यांतील कित्येकांजवळ इमारत नव्हती, प्राध्यापक नव्हते. होती ती एखादी खोली आणि राजपत्रातील नोंद. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले म्हणून ते विद्यापीठच! सर्वोच्च न्यायालयाने प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर फेब्रुवारी २००५ मध्ये या कायद्यातील संबंधित कलमे घटनाबाह्य ठरविली, आणि एकशे बारा विद्यापीठे एका निकालाने नाहीशी झाली. विद्यापीठ होण्यासाठी कागदावरील नोंद पुरेशी नाही, हे तत्त्व यामुळे भारतात तरी प्रस्थापित झाले. परदेशांत अशी सरळ स्थिती नाही, आणि आपल्या विद्यार्थ्यांस ती तशी आहे असे वाटत राहते, हे विशेष ध्यानात घ्यावयास हवे.

अमेरिकेचे उदाहरण घेऊ. तेथे केंद्रीय अनुदान आयोगासारखी पदवीचा अधिकार देणारी एकच संस्था नाही. महाविद्यालय चालविण्याचा परवाना त्या त्या राज्याचे शासन देते, व पुष्कळ राज्यांत तो मिळविणे फारसे कठीण नसते. शिक्षणाच्या दर्जाची तपासणी करून दिली जाते ती अधिस्वीकृती. ती खासगी अधिस्वीकृती मंडळांकडून मिळते, आणि या मंडळांतही अधिक प्रतिष्ठित व कमी प्रतिष्ठित असा भेद आहे. या दोहोंहून अगदी वेगळी अशी तिसरी परवानगी म्हणजे परदेशी विद्यार्थी घेण्याची. ती अंतर्गत सुरक्षा खाते देते, आणि तिच्या आधारे महाविद्यालय 'आय-ट्वेंटी' हे पत्र देऊ शकते. आपल्याकडील घरांत आय-ट्वेंटी आली म्हणजे प्रवेश पक्का झाला, महाविद्यालय खरे ठरले, असे मानले जाते. वस्तुतः त्या पत्राने एवढेच सिद्ध होते, की या संस्थेस परदेशी विद्यार्थ्यांची नोंद शासनाच्या संगणकात करण्याची अनुज्ञा आहे. अधिस्वीकृती नसलेल्या संस्थेसही ही अनुज्ञा मिळविण्याचा मार्ग नियमांत आहे: आपण दिलेले श्रेयांक तीन अधिस्वीकृत संस्था स्वीकारतात, असे दाखवून देता आले म्हणजे झाले.

कॅलिफोर्नियातील प्लेझंटन येथील ट्राय-व्हॅली विद्यापीठाने हाच मार्ग धरला. त्यास २००९ साली परदेशी विद्यार्थी घेण्याची अनुज्ञा मिळाली. तीसाठी सादर केलेली इतर संस्थांची पत्रे बनावट होती, असे पुढे खटल्यात निष्पन्न झाले. जानेवारी २०११ मध्ये सरकारने ते बंद पाडले, तेव्हा त्याच्याकडे सुमारे पंधराशे विद्यार्थी नोंदलेले होते. त्यांत फार मोठे बहुमत भारतीयांचे, आणि भारतीयांतही तेव्हाच्या आंध्र प्रदेशातून गेलेल्यांचे होते. त्यांपैकी शेकडो विद्यार्थी सनीवेल गावातील एकाच सदनिकेत राहत असल्याची नोंद सरकारी दप्तरात होती, आणि ती कोणास खटकली नव्हती. नवा विद्यार्थी आणणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यास शुल्कातील वाटा मिळे. संस्थेच्या संस्थापिकेस २०१४ साली सोळा वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा झाली.

विद्यार्थ्यांना या विद्यापीठाचे आकर्षण कशामुळे वाटले, हे पाहिले म्हणजे या व्यवहाराचे अंतरंग कळते. अमेरिकन नियमांत अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून नोकरी करण्याची एक सवलत आहे. सामान्यतः एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर ती मिळते. परंतु पदव्युत्तर अभ्यासक्रमाची रचनाच तशी असेल, तर ती पहिल्या दिवसापासून देता येते. ट्राय-व्हॅलीने ती पहिल्या दिवसापासून दिली. विद्यार्थी दुसऱ्या राज्यात, हजारो मैलांवर, दुकानात वा पेट्रोल पंपावर काम करीत असे, आणि कागदोपत्री तो कॅलिफोर्नियात अभियांत्रिकीचे उच्च शिक्षण घेत असे. अशा विद्यार्थ्यास फसविले गेलेला म्हणावे, की फसवणुकीत सामील झालेला? अमेरिकन अधिकाऱ्यांनी दुसऱ्या पक्षाकडे झुकते माप दिले. काहींच्या पायांस वावर टिपणारी यंत्रे बांधली गेली, आणि भारत सरकारने त्याबद्दल तीव्र नापसंती व्यक्त केली.

यानंतर घडले ते अधिकच विलक्षण आहे. मिशिगन राज्यात फार्मिंग्टन विद्यापीठ नावाची एक संस्था होती. राज्याच्या नोंदीत ती होती. एका राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळाच्या यादीत तिचे नाव अधिस्वीकृत म्हणून झळकत होते. आय-ट्वेंटी देण्याची अनुज्ञा तिच्यापाशी होती. वर सांगितलेल्या तिन्ही परवानग्या जिच्याजवळ निर्विवाद होत्या, ती ही संस्था सर्वस्वी कल्पित होती. तीत एकही शिक्षक नव्हता व एकही वर्ग भरत नव्हता, कारण ती अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्यानेच दलालांस पकडण्यासाठी उभारली होती. असाच सापळा न्यू जर्सीत २०१३ पासून लावून २०१६ साली एकवीस दलाल पकडले गेले होते. फार्मिंग्टनचा सापळा जानेवारी २०१९ मध्ये उघड झाला. आठ दलालांवर खटले भरले गेले, आणि त्यावेळी ताब्यात घेतलेल्या १३० विद्यार्थ्यांपैकी १२९ भारतीय होते. वर्ग भरत नाहीत हे विद्यार्थ्यांस ठाऊक होतेच, असा सरकारी पक्षाचा युक्तिवाद. तो पुष्कळांच्या बाबतीत खरा असेल. परंतु प्रवेश घेण्यापूर्वी एखाद्या दक्ष पालकाने सर्व अधिकृत याद्या तपासल्या असत्या, तरी त्यास त्या संस्थेविरुद्ध एक अक्षरही सापडले नसते, हेही तितकेच खरे आहे. 'यादी पाहा, मान्यता तपासा' हा आपण विद्यार्थ्यांस देत असलेला उपदेश येथे निरुपयोगी ठरला.

ही सर्व उदाहरणे मुंबईपासून दूरची वाटतील. मुंबईचा संबंध येतो तो कॅनडाच्या प्रकरणात, आणि तेथे चित्र बरोबर उलटे होते. जानेवारी २०२२ मध्ये मॅनिटोबा प्रांतातील इमर्सन गावाजवळ, अमेरिकेच्या सरहद्दीपासून काही पावलांवर, गुजरातमधील डिंगुचा गावचे चौघांचे कुटुंब थंडीने गोठून मरण पावलेले आढळले. त्यांत दोन मुले होती. या घटनेवरून अहमदाबादेत दाखल झालेल्या गुन्ह्याच्या आधारे सक्तवसुली संचालनालयाने तपास केला. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई, नागपूर, गांधीनगर व वडोदरा येथील आठ ठिकाणी झडत्या घेतल्यानंतर संचालनालयाने जाहीर केले, की मुंबईतील दोन व नागपुरातील एक अशा संस्थांनी परदेशी महाविद्यालयांशी कमिशनवर प्रवेश मिळवून देण्याचे करार केले होते. त्यांपैकी एक संस्था दरवर्षी सुमारे पंचवीस हजार विद्यार्थी परदेशी महाविद्यालयांकडे पाठवीत होती, तर दुसरी दहा हजारांहून अधिक. कॅनडातील सुमारे एकशे बारा महाविद्यालयांचा एकीशी आणि दीडशेहून अधिक महाविद्यालयांचा दुसरीशी करार होता.

संचालनालयाचा आरोप असा: अमेरिकेत बेकायदा जाऊ इच्छिणाऱ्या माणसासाठी कॅनडातील महाविद्यालयात प्रवेश घ्यावयाचा, शुल्क भरावयाचे, विद्यार्थी-व्हिसा मिळवावयाचा, तो कॅनडात उतरल्यावर महाविद्यालयात न जाता सरहद्द ओलांडावयाचा, आणि भरलेले शुल्क परत यावयाचे. माणशी पंचावन्न ते साठ लाख रुपये आकारले जात, असेही सांगण्यात आले. हे आरोप आहेत, न्यायनिर्णय नव्हे, आणि यादीतील सर्व महाविद्यालये या व्यवहारात सामील होती असे मुळीच म्हणता येणार नाही. परंतु व्यवहाराची जी रीत वर्णिली आहे, ती अभ्यासकाने लक्षपूर्वक पाहावी. ट्राय-व्हॅलीत विद्यार्थी खरा होता आणि महाविद्यालय नाममात्र. येथे महाविद्यालय खरे, प्रवेशपत्र खरे, शुल्काची पावती खरी, व्हिसाही खरा. नाममात्र आहे तो विद्यार्थी. दोन्हीकडे फट मात्र तीच आहे. महाविद्यालयाने प्रवेशपत्र दिले म्हणून सरकारने व्हिसा दिला, आणि सरकार व्हिसाची छाननी करते म्हणून महाविद्यालयाने प्रवेशपत्र देताना फारसे पाहिले नाही.

कॅनडाच्या सरकारने ही फट उशिरा ओळखली. १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्राची महाविद्यालयाकडून थेट खातरजमा करून घेण्यास आरंभ झाला, आणि पहिल्या वर्षातच संशयास्पद पत्रांची संख्या दहा हजारांवर गेली. विद्यार्थ्याने उदरनिर्वाहासाठी दाखवावयाची रक्कम २०२४ च्या प्रारंभी दहा हजार डॉलरांवरून २०,६३५ डॉलरांवर नेण्यात आली. त्याच वर्षी विद्यार्थ्यांच्या एकूण संख्येवर मर्यादाही आली. पण तत्पूर्वी, २०२२ च्या जानेवारीत, क्वेबेक प्रांतातील एकाच मालकीची तीन खासगी महाविद्यालये एकाएकी बंद पडून शेकडो भारतीय विद्यार्थी शुल्क भरून वाऱ्यावर सोडले गेले होते. तीनही महाविद्यालये सरकारच्या यादीत होती.

आता या व्यवहाराच्या आपल्या टोकाकडे वळू. एखादे कुटुंब सामान्य वा संशयास्पद महाविद्यालयाकडे का वळते, याचे उत्तर नेहमी अज्ञान किंवा हाव असे दिले जाते. गिरगाव, परळ, लालबाग या भागांपुरते पाहता त्याहून अधिक विचारार्ह कारण घराच्या मालकीत आहे. येथील जुन्या चाळींतील पुष्कळ कुटुंबे पागडीच्या खोलीत राहतात. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने व त्याच्या जागी आलेल्या १९९९ च्या कायद्याने त्यांच्या वहिवाटीस संरक्षण दिले. खोलीची किंमत बाजारात मोठी असते आणि ती घरमालकाच्या संमतीने दुसऱ्यास देताही येते. परंतु ती खोली भाडेकरूच्या मालकीची नव्हे. म्हणून बँकेकडे तारण ठेवावयाची झाल्यास तिचा काही उपयोग नाही. सरकारी बीडीडी चाळींतील कुटुंबांचेही पिढ्यान्पिढ्या असेच होते. डोंबिवलीस स्वतःची सदनिका असलेल्या कारकुनास जी सोय आहे, ती दादरच्या मध्यभागी राहणाऱ्या पागडीदारास नाही.

बँकांच्या संघटनेने २००१ साली आखलेल्या शैक्षणिक कर्जाच्या नमुना-योजनेच्या नंतरच्या सुधारणांत साडेसात लाख रुपयांच्या वरील कर्जास स्थावर वा तत्सम तारण आवश्यक धरले आहे. याहून मोठे कर्ज विनातारण मिळते ते बँकेने केलेल्या निवडक, नामांकित विद्यापीठांच्या यादीतील प्रवेशावर. म्हणजे ज्याचे गुण उत्तम आणि प्रवेश उत्तम, त्यास तारणाची गरज नाही. ज्याचे गुण मध्यम, त्यास तारण हवे, आणि ते नेमके पागडीदाराच्या मुलाजवळ नाही. अशा कुटुंबापुढे कोकणातील सामाईक जमिनीचा हिस्सा, स्त्रियांचे दागिने, वडिलांचा भविष्यनिर्वाह निधी किंवा चढ्या व्याजाने कर्ज देणारी खासगी वित्तसंस्था, एवढेच पर्याय उरतात. स्वस्त शुल्काचे, 'पहिल्या दिवसापासून काम' देणारे महाविद्यालय या हिशेबात एकाएकी व्यवहार्य वाटू लागते. व्हिसासाठी खात्यात पुरेशी शिल्लक दाखवावी लागते. ती काही दिवसांपुरती, टक्केवारीवर, 'दाखवून देणारे'ही मग भेटतात. बँकेचे पत्रक खरे, त्यावरचा आकडा खरा, फक्त पैसा आपला नव्हे. आपण गुन्हा करीत आहोत अशी भावनाही तेथे नसते. सल्लागाराने सांगितलेल्या बारा कागदांपैकी तो एक कागद असतो. गिरणीसंपानंतरच्या, म्हणजे १९८२ नंतरच्या, लालबाग-परळच्या स्थित्यंतरावर आपल्याकडे बरेच संशोधन झाले आहे. त्या कामगारांच्या नातवंडांच्या शिक्षणाचा खर्च कसा उभा राहिला, हा प्रश्न त्या संशोधनाच्या ओघात यावयास हरकत नव्हती.

सल्लागार हा कोणाचा माणूस, हेही विद्यार्थ्यास माहीत नसते. पुष्कळ ठिकाणी तो विद्यार्थ्याकडून एक पैसा घेत नाही, आणि पालक त्यास हितचिंतक समजतात. त्याचे उत्पन्न महाविद्यालयाने दिलेल्या कमिशनातून येते. साहजिकच ज्या महाविद्यालयास विद्यार्थी आपोआप मिळत नाहीत, ते कमिशन अधिक देते. अमेरिकेच्या उच्च शिक्षण कायद्यात १९९२ पासून असा निर्बंध आहे, की सरकारी अर्थसाहाय्य घेणाऱ्या महाविद्यालयाने विद्यार्थ्यामागे कमिशन देऊन विद्यार्थी गोळा करू नयेत. मात्र परदेशांत राहणाऱ्या व त्या साहाय्यास अपात्र असणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांच्या भरतीस त्यातून वगळले आहे. ओहायोतील मुलाच्या बाबतीत जे निषिद्ध, ते दादरच्या मुलाच्या बाबतीत विहित, अशी ही योजना! इकडे आपला १९८३ चा उत्प्रवासन कायदा परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्या दलालास नोंदणी व अनामत बंधनकारक करतो. आखाती देशांत गवंडी पाठविणारा दलाल त्या कायद्याच्या कक्षेत येतो. विद्यार्थी म्हणून माणूस पाठविणारा येत नाही, मग तो विद्यार्थी विमानातून उतरताच कामावर रुजू होणार असो. पंजाबने २०१२ साली प्रवास-व्यावसायिकांसाठी वेगळा कायदा करून व्हिसा-सल्लागारांस त्यात आणले, ते उगाच नव्हे.

आणखी एका विसंगतीचा उल्लेख केल्यावाचून हे विवेचन अपुरे राहील. अमेरिकन कायदा विद्यार्थी-व्हिसा मागणाऱ्या प्रत्येकास, तो परत जाणार नाही असेच गृहीत धरतो. आपण शिक्षण संपताच मायदेशी परतणार, हे विद्यार्थ्याने अधिकाऱ्यास पटवून द्यावे लागते. पूर्वी ब्रीच कँडीस लिंकन हाउसमध्ये आणि २०११ पासून वांद्रे-कुर्ला संकुलात ही मुलाखत होत आली आहे, आणि तिची तालीम सल्लागाराच्या कार्यालयात आधी होते. त्याच कार्यालयातील माहितीपत्रकात मात्र शिक्षणोत्तर नोकरीची वर्षे ठळक अक्षरांत छापलेली असतात. महाविद्यालय स्थलांतराची आशा विकते, व्हिसा ती आशा नाकारण्याच्या अटीवर मिळतो. बावीस वर्षांच्या मुलाने खिडकीपाशी उच्चारलेले ते वाक्य खोटे ठरले, तर दोषी तो एकटाच. ते वाक्य त्याच्या तोंडी घालणारे कोणत्याही कागदावर नसतात.

दोषाचा हा भार न्यायालयांत कसा वाटला जाईल, हे अद्याप पुरते ठरलेले नाही. फार्मिंग्टनच्या एका भारतीय विद्यार्थ्याने अमेरिकन सरकारविरुद्धच दावा लावला. त्याचे म्हणणे साधे होते: मी शुल्क भरले, शिक्षण मिळाले नाही, करार मोडला गेला. सरकार सार्वभौम या नात्याने गुन्ह्याचा तपास करीत असता असा करार होऊच शकत नाही, म्हणून खालच्या न्यायालयाने दावा फेटाळला. जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. सरकारने विद्यापीठाच्या नावाने शिक्षण देऊ केले आणि त्याचे पैसे घेतले, असा दावा असेल तर तो ऐकून घेतला पाहिजे, असे ठरवून प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत धाडण्यात आले.